शील आणि स्मरण

ता. ६ मे २०२२ रोजीं सकाळीं दहा वाजतां कोल्हापूर शहर शंभर सेकंद स्तब्ध उभें राहिलें. राजर्षि शाहू छत्रपतींच्या निधनास त्या दिवशीं शंभर वर्षें पुरीं होत होतीं. वर्षाला एक सेकंद असा तो हिशेब होता. मी त्या वेळीं दसरा चौकाच्या एका कडेला होतों. रिक्षा थांबल्या, दुचाकीवरचीं माणसें एक पाय जमिनीवर टेकून उभीं राहिलीं, डोक्यावर भाजीची पाटी असलेली एक बाई पाटी न उतरवितांच थांबली. शंभर सेकंद हा काळ घड्याळांत लहान असला, तरी शेंकडों माणसें एकदम गप्प राहतात तेव्हां तो फार लांबतो. त्या शांततेंत एक प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला, आणि त्यानें अद्याप माझी पाठ सोडलेली नाहीं. येथें उभ्या असलेल्यांपैकीं एकानेंहि त्या राजाला पाहिलेलें नाहीं. मग आम्ही आठवीत आहोंत तें नेमकें काय? चेहरा नव्हे, आवाज नव्हे, सहवास तर नव्हेच. ज्याला पाहिलें नाहीं त्याची आठवण होते ती कशाच्या बळावर?

प्रश्न एका राजापुरता असता, तर तो इतिहासाच्या अध्यापकावर सोंपवून मी मोकळा झालों असतों. परंतु मी तत्त्वज्ञान शिकवितों, पन्नाशी ओलांडली आहे, आणि निवृत्तीचीं वर्षें आतां बोटांवर मोजतां येण्याजोगीं उरलीं आहेत. या वयांत माणूस, कबूल करो वा न करो, आपल्या पश्चात् आपलें काय उरेल याचा अंदाज घेऊं लागतो. म्हणून हा विचार केवळ वर्गांतला नाहीं. तो थोडासा माझ्या स्वतःच्या जमाखर्चाचाहि आहे.

आपल्याकडे या बाबतींत दोन परंपरा शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. एक सांगते कीं, देह पडला तरी कीर्ति मागें राहील असें जगावें. समर्थांचा हा उपदेश लहानपणीं ज्याच्या कानावर पडला नाहीं असा मराठी माणूस विरळा. दुसरी सांगते कीं, कर्म करावें आणि फळाकडे पाहूं नये. आतां कीर्ति हें फळच आहे; तेंहि सर्व फळांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत चिवट. धनाचा लोभ सुटलेला विरक्त पुरुषहि आपल्या वैराग्याची वाखाणणी चालली आहे असें समजतांच कान टवकारतो. पश्चिमेकडेहि हा वाद जुनाच आहे. मरणोत्तर कीर्तीची हांव धरणाऱ्यास रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस असें बजावतो कीं, ज्यांच्या मुखीं आपलें नांव राहावें असें तुला वाटतें, तीं माणसेंहि लवकरच मरावयाचीं आहेत. गंमत एवढीच कीं, स्वतःला बजावण्यासाठीं त्यानें लिहिलेलीं तीं टिपणें अठराशें वर्षांनंतरहि लोक वाचीत आहेत. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रांत याहून चमत्कारिक प्रश्न विचारतो: मेलेल्या माणसाला त्याच्या वंशजांच्या बऱ्यावाईटाची झळ पोंचते काय? आणि बराच काथ्याकूट करून तो या निर्णयाला येतो कीं, पोंचलीच तर अगदीं थोडी.

मला वाटतें, या सर्व वादांत कीर्ति आणि स्मरण या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. कीर्ति म्हणजे नांवाचा प्रवास. ज्यांचा आपल्याशीं कांहींहि संबंध आला नाहीं अशांच्या तोंडीं आपलें नांव असणें, ही कीर्ति. स्मरण म्हणजे कोणाच्या तरी जगण्यांत आपण शिल्लक असणें. नांव असून स्मरण नसतें आणि स्मरण असून नांव नसतें, असें वारंवार घडतें. हा शब्दच्छल वाटूं नये म्हणून कोल्हापूरकरांशीं संबंध असलेल्या तीन स्मारकांकडे आपण थोडें पाहूं.

पहिलें स्मारक आज जागेवर नाहीं. जेथें आज शिवाजी चौक आहे तेथें एके काळीं सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. हे गृहस्थ १९२३ ते १९२८ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १९४२ च्या चळवळींत या पुतळ्याची विटंबना झाली, पुढें तो तेथून गेला, आणि १९४५ मध्यें बाबूराव पेंटर यांनीं घडविलेला शिवछत्रपतींचा अर्धपुतळा तेथें विराजमान झाला. विल्सनसाहेब माणूस म्हणून बरे होते कीं वाईट, याचा निवाडा मला करावयाचा नाहीं. ज्यांनीं तो पुतळा विद्रूप केला त्यांनींहि तो केला नसावा. मुद्दा एवढाच कीं, त्यांच्याविषयीं सांगण्यासारखी एखादी गोष्ट या गांवांत कोणापाशीं नव्हती. पुतळा माणसाचा नव्हता, हुद्द्याचा होता. हुद्द्याचा धाक ओसरतांच त्याच्या बाजूनें बोलावयाला कोणी उरलें नाहीं.

दुसरें स्मारक येथून हजारों मैल दूर, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं आहे. कोल्हापूरचे तरुण राजे राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासास गेले आणि स्वदेशीं परततांना ता. ३० नोव्हेंबर रोजीं फ्लॉरेन्स येथें वारले. वयाची विशीच काय ती झाली होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अग्निसंस्कार झाला, व पुढें कांहीं वर्षांनीं त्याच ठिकाणीं छत्री उभारून तींत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. छत्री अजून आहे. परंतु तेथील लोक त्या जागेला ‘भारतीय’ एवढ्याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. जवळ बांधलेल्या मोठ्या पुलालाहि तेंच नांव पडलें. चेहरा घडविलेला आहे, जागा नेमकी आहे, आणि तरीहि तेथें फिरावयास येणाऱ्याच्या लेखीं तो कोणी एक भारतीय आहे. यांत फ्लॉरेन्सकरांचा दोष नाहीं, आणि त्या राजाचा तर मुळींच नाहीं. प्रवासांत त्यांनीं ठेविलेली रोजनिशी त्यांच्या पश्चात् छापली गेली, यावरून त्यांची जिज्ञासा दिसते. परंतु कांहीं करून दाखविण्याचें वय येण्यापूर्वींच काळानें त्यांना नेलें. त्या छत्रीपुढें हळहळ वाटते. हळहळ म्हणजे स्मरण नव्हे.

तिसरें स्मारक एक नाहीं, अनेक आहेत. आपल्या भागांत जुन्या देवळांच्या आवारांत, गांवच्या वेशीपाशीं, कधीं नुसतेच बांधाला टेकून वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटींत लढाई, तिच्यावर अप्सरा वीराला वर नेत आहेत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नांव नाहीं. गांवचीं गुरें वळवून नेणाऱ्यांशीं झुंजतां झुंजतां पडलेला कोणी असेल, वेस राखतांना मेलेला कोणी असेल. अशाच एका दगडाला पाणी घालणाऱ्या म्हातारीला मीं एकदां विचारलें, “आजी, हा कोण?” ती म्हणाली, “कोण का असंना. गावासाठी मेलाय.” तिच्या लेखीं ओळख पुरी झाली होती.

पहिल्या स्मारकांत अधिकार होता, दुसऱ्यांत नांव आणि रूप आहे, तिसऱ्यांत केवळ कृति आहे. आणि तिघांपैकीं रोज सकाळीं पाणी मिळतें तें तिसऱ्याला. एवढ्यावरून कृति हीच काय ती टिकते असें म्हणून थांबतां येईल. परंतु वीरगळ आपणांस एका माणसाचा एक क्षण सांगतो. तो माणूस कसा होता तें सांगत नाहीं. कृति ही दिसणारी वस्तु आहे. जिच्यांतून ती पुन्हां पुन्हां उगवते ती भूमि म्हणजे शील. ही भूमि कशी ओळखावयाची, हें पाहण्यासाठीं मला पुन्हां दसरा चौकांतच यावें लागतें.

शाहू महाराजांच्या कार्याची यादी कोल्हापुरांतील शाळकरी मुलालाहि पाठ असते. ता. २६ जुलै १९०२ रोजीं त्यांनीं संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं वसतिगृहें उभीं करविलीं. त्यांपैकीं कांहीं आजहि दसरा चौकाच्या आसपास आहेत. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांचें नेतृत्व त्यांनीं जाहीरपणें गौरविलें. भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम काढलें. तें त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालें. आज दर पावसाळ्यांत त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले कीं पंचगंगेच्या कांठचीं गांवें सावध होतात, आणि उन्हाळ्यांत त्याच पाण्यावर उंसाचा मळा उभा असतो.

हीं सर्व मोठीं कामें खरीं. परंतु तीं हुकमानें व खजिन्यानें होणारीं कामें आहेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं सक्तीचें शिक्षण याआधींच सुरू केलें होतें; दुसऱ्या एखाद्या दूरदर्शी राजानेंहि धरण बांधलें असतें. एवढ्यानें आदर उत्पन्न होतो. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन थांबलेली ती बाई आदरापोटीं थांबली होती असें मला वाटलें नाहीं. तिच्या थांबण्यांत घरच्या माणसाविषयीं असते तशी कांहीं एक ओढ होती. ती कोठून आली?

कोल्हापुरांत कोणालाहि विचारा, तो हुकूमनाम्याचा दिनांक सांगण्याआधीं गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगेल. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या नोकरींत होते. जन्मानें अस्पृश्य. सवर्ण नोकरांच्या पाण्याला हात लावला एवढ्या अपराधासाठीं, महाराज बाहेरगांवीं असतां, त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर त्यांनीं आपलें अंग उघडें करून वळ दाखविले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. आणि नोकरींत राहून पुन्हां अपमान सोसण्यापेक्षां स्वतंत्र धंदा कर, असें सांगून महाराजांनीं त्यांना भांडवल दिलें. गांवांत भरवस्तींत चहाचें दुकान निघालें, ‘सत्यसुधारक’ नांवाचें. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाहीं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हां महाराजांची गाडी त्या दुकानापुढें थांबूं लागली. ते स्वतः चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींनाहि देववीत. राजा पितो तो चहा नको म्हणण्याची सोय दरबारी मंडळींना नव्हती.

या गोष्टींत नवल राजाच्या औदार्याचें नाहीं. भांडवल दिलें तेथें औदार्य संपलें होतें. पुष्कळ थोरांची दानतहि तेथेंच संपते. पैसे दिले, आतां त्याचें तो पाहून घेईल, असें म्हणतां आलें असतें, आणि कोणीं नांव ठेविलें नसतें. महाराजांनीं पुढें जाऊन पाहिलें कीं दिलेल्या पैशाचा उपयोग होत नाहीं, आणि जी अडचण पैशानें सुटत नव्हती ती सोडविण्यास ते स्वतः गाडींतून आले. हुकमानें पाणवठा खुला होतो, पण त्या पाणवठ्यावर शेजारीं उभें राहावयाला माणूसच लागतो. मला येथें शील आणि कृति यांचा परस्परसंबंध स्पष्ट दिसतो. १९०२ चा हुकूम नसता, तर तो चहा एका राजाची लहर ठरला असता. आणि तो चहा नसता, तर हुकूम हा दप्तरांतील एक कागद राहिला असता. फार तर अभ्यासकांना ठाऊक असता. कृतीनें शीलाला आकार दिला, आणि शीलानें कृतीला साक्ष दिली. महाराजांच्या निधनानंतर कोल्हापुरांत त्यांचें पहिलें स्मारक उभारण्यांत याच गंगाराम कांबळे यांनीं पुढाकार घेतला असें सांगतात. ज्याच्या दुकानीं कोणी येत नव्हतें त्यानें आपल्या गिऱ्हाइकाचें स्मारक उभारावें, याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणत्या दरबारांत मिळावयाचें?

येथें एखादा चिकित्सक वाचक मला अडवील, आणि त्यानें अडवावेंच. तो म्हणेल, तुम्ही म्हणतां तसें स्मरण न्यायी असतें काय? एकाच माणसाचें स्मरण दोन घरांत दोन तऱ्हांचें असतें. वेदोक्ताच्या प्रकरणानंतर पुण्याच्या कित्येक वृत्तपत्रांनीं याच महाराजांवर कडक टीका केली. इंग्रजांशीं त्यांचें असलेलें सख्य राष्ट्रीय पक्षाला सलत राहिलें, आणि तो सल सर्वस्वीं निराधार होता असेंहि म्हणतां येत नाहीं. शिवाय, धरणासाठीं दगड वाहणाऱ्या गवंडी-बेलदारांचीं नांवें कोणाला ठाऊक आहेत? त्यांचें शील काय कमी होतें? उलट, ज्यांच्या वागण्यांत महाराजांच्या शीलाचा लवलेशहि नाहीं, अशीं माणसें दर जयंतीला त्यांच्या पुतळ्याला सर्वांत मोठा हार घालतात.

हे आक्षेप खरे आहेत, आणि ते मोडून काढण्याचा प्रयत्न मी करणार नाहीं. चांगलें वागा म्हणजे लोक आठवण ठेवतील, असा करार जगानें कोणाशींहि केलेला नाहीं. असा करार असता तर सद्वर्तन हा एक बेताच्या व्याजाचा व्यापार ठरला असता. आपणांस कोण आठवील, किती दिवस आठवील, हें आपल्या हातीं नाहीं. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, जो कोणी प्रामाणिकपणें आपली आठवण काढूं पाहील त्याला तेथें कांहीं सांपडावें. टीकाकारांनीं महाराजांविषयीं जें लिहिलें तें आज दप्तरांत आहे, अभ्यासक तें वाचतात, आणि वाचावयासहि हवें. परंतु शंभर वर्षांनंतर त्या टीकेंतून कोणाला कांहीं करावेंसें वाटत नाहीं. चहाच्या त्या गोष्टींतून अजून वाटतें. स्मरणाची कसोटी मला येथें सांपडते. तें मनांत किती वेळ रेंगाळतें हें गौण आहे. तें हाताकडून काय करवून घेतें हें मुख्य.

ही कसोटी मला पुस्तकांत सांपडली असें लिहिलें असतें तर बरें दिसलें असतें. ती मला ज्यानें दिली तो माझा एक जुना विद्यार्थी आहे, आणि ती देतांना त्यानें माझा जो सत्कार केला तो सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाहीं.

पंचवीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नुकताच अध्यापक झालों होतों, आणि आपण उत्तम शिकवितों अशी माझी समजूत होती. मिलच्या स्वातंत्र्यविषयक निबंधावर माझीं व्याख्यानें ऐकण्यास दुसऱ्या वर्गांचीं मुलेंहि येऊन बसत. तीं मुलें पुढें मला या व्याख्यानांसाठीं आठवतील असें मी मनोमन धरून चाललों होतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नाच्या पंगतींत एक चाळिशींतला गृहस्थ माझ्या शेजारीं येऊन बसला. त्यानें नमस्कार केला आणि नांव सांगितलें. मला आठवेना. तो हंसून म्हणाला, “सर, तुम्हांला आठवत नसेल. मी भुदरगड तालुक्यांतल्या एका शाळेंत शिक्षक आहें. तुम्ही आम्हांला पहिल्या वर्षाला होतां. मला उभें करून वाचावयास सांगितलें होतें, आणि मीं ॲरिस्टॉटलचा उच्चार चुकीचा केला. तुम्ही म्हणालां, ‘अरे, हा ॲरिस्टॉटल आहे, तुझ्या गुऱ्हाळावरचा गडी नव्हे.’”

मला तें वाक्य आठवलें नाहीं. परंतु तें माझेंच होतें; त्यांतली ऐट मीं ओळखली. वर्ग हंसला असेल. मीहि हंसलों असेन.

“माझे वडील गुऱ्हाळावरच गडी होते,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर मला सोंपें गेलें असतें. मीं कांहीं तरी पुटपुटलों. तेव्हां त्यानेंच मला सांवरून घेतलें. “सर, मी हें तक्रार म्हणून सांगत नाहीं. वर्गांत एखाद्या पोराचा उच्चार चुकला, कीं मला तुमची आठवण होते. आणि मी गप्प बसतों. पोरगं वाचून पुरं होऊं देतों. मग बाजूला घेऊन सांगतों.”

मिलवरील व्याख्यानांविषयीं तो कांहीं बोलला नाहीं. मीं विचारण्याचें धैर्य केलें नाहीं.

थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “आपले मामा आहेत कां हो अजून?” मामा म्हणजे महाविद्यालयांतले एक शिपाई. त्याच वर्षीं परीक्षेची फी भरण्याची मुदत संपत आली होती आणि त्याच्या गांवाहून पैसे आले नव्हते. मामांनीं त्याला कार्यालयाच्या दाराशीं घुटमळतांना पाहिलें, कारण विचारलें, आणि आपल्या पगारांतून फी भरली. त्यानें ती पुढें तीन हप्त्यांत फेडली. मामांनीं दर वेळीं पैसे मोजून घेतले आणि खिशांत ठेविले. उपदेशाचा एक शब्द बोलले नाहींत. “आतां मी दर वर्षीं एका पोराची फी भरतों,” तो म्हणाला, “आणि परत आणून दिली तर मोजून घेतों. मोजून घेतलें कीं पोराला मिंधेपण वाटत नाहीं. हें मला मामांनीं शिकविलें.”

त्या पंगतींत माझा घांस अडकला, हें मी अलंकारानें म्हणत नाहीं. या गृहस्थाच्या आयुष्यांत आम्ही दोघेहि शिल्लक होतों, मामा आणि मी. दोघांचेंहि स्मरण जागें होतें, दोघांचेंहि त्याच्या हातून कांहीं तरी करवून घेत होतें. मामांचें स्मरण त्याला हात पुढें करावयाला लावी, माझें त्याला जीभ आवरावयाला. दोहोंपासून मुलांचें भलेंच झालें. पण त्या भल्यांत माझा वांटा किती, हें मला सांगावयास नको. जें मीं बोलून विसरलों होतों तें माझें चरित्र म्हणून एका माणसापाशीं पंचवीस वर्षें नांदत होतें. जें मी चरित्र म्हणून जपत होतों त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हांपासून मला वाटूं लागलें आहे कीं, आपली आठवण ही आपली मालमत्ता नव्हे. ती आपण न कळत दुसऱ्यांच्या घरीं ठेवीत जातों. आणि बहुधा अशा घरीं, जेथें आपण आपलें नांव लावण्याचा विचारहि केलेला नसतो. व्यासपीठावर आपण सावध असतों. सत्काराच्या उत्तरांत, स्मरणिकेच्या लेखांत, वरिष्ठांपुढें आपण जसें दिसावयास हवें तसें दिसतों. ज्याच्यापासून आपणांस कांहीं मिळावयाचें नाहीं आणि ज्याची भीति नाहीं, त्याच्याशीं बोलतांना मात्र सावधपणा सुटतो. आणि जें तेथें बाहेर पडतें तें शील. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेला नोकर, उच्चार चुकलेला पोर, कार्यालयाच्या दाराशीं घुटमळणारा मुलगा: आपलें चरित्र लिहिणारे हे लोक आहेत. त्यांच्यापैकीं कोणीं लेखणी हातीं घेतली नाहीं, म्हणून तें लिहिलें जात नाहीं असें समजूं नये.

मग ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाचें काय? मृताला झळ पोंचते कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पण जिवंतपणींच आपण अनेक ठिकाणीं पूर्वज होऊन बसलेले असतों, हें मला त्या पंगतींत कळलें; आणि ती झळ मला पुरी पोंचली. कीर्तीची इच्छा धरावी कीं सोडावी, हा वाद मला आतां पूर्वीइतका महत्त्वाचा वाटत नाहीं. कीर्तीची इच्छा धरणारा आणि सोडणारा, दोघेहि स्वतःकडेच पाहत असतात. मामा त्या मुलाकडे पाहत होते. चहाच्या दुकानीं थांबलेला राजाहि, मला वाटतें, त्या क्षणीं रिकाम्या बाकांकडे पाहत होता.

शंभर सेकंद संपले तेव्हां दसरा चौकांत एकदम गलका झाला. रिक्षा सुरू झाल्या, पाटीवाली बाई वाटेला लागली, कोणी तरी घोषणा दिली. राजाचें स्मरण शंभर सेकंद करणें सोंपें होतें. मींहि तें केलें. त्यानंतर मी महाविद्यालयांत गेलों, आणि सहज म्हणून मामांचा चेहरा आठवण्याचा प्रयत्न केला. कित्येक वर्षें त्यांनीं सकाळीं माझ्या वर्गाचें दार उघडलें होतें. मला त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आठवला, घंटेचा टोल आठवला. चेहरा आठवला नाहीं. त्यांचें आडनांवहि मला विचारून घ्यावें लागलें. ते चार वर्षांपूर्वींच वारले होते.

भुदरगडांत मात्र, या जूनमध्येंहि, कोणा एका मुलाची फी भरली गेली असेल.